चाळण कुणाच्या मापाची?

आजारांचा धोका कुणाला आहे हे चाचपायला आशाताई घरोघरी जाऊन जो सरकारी फॉर्म भरतात, त्याला सीबॅक म्हणतात. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी तो असतो. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला मधुमेह आहे का, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. साठीच्या पुढच्यांसाठी चार जादा प्रश्न आहेत आणि त्यातला एक असा: तुम्ही जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का?

म्हणजे जो विसरतो त्यालाच विचारायचं, की बाबा रे, तू विसरतोस का. बहुतेक म्हातारी माणसं ‘छे, कुठं काय’ म्हणतात, आशाताई ‘नाही’वर खूण करतात आणि पुढच्या घरी जातात. त्यातून वस्तीवरच्या माणसाला पत्ता असतो तरी कुठे? ‘मारुतीच्या देवळामागं, शेवटचं घर’ हा पत्ता विसरायला आजार फार पुढे गेलेला असावा लागतो. पोटच्या पोराचं नाव आठवेना, इथपर्यंत गोष्ट आली असेल तर घरात सगळ्यांना ती दोन-तीन वर्षं आधीच कळलेली असते.

मी त्या फॉर्मची टिंगल करत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत पोचणारा स्मरणशक्तीविषयीचा तो बहुधा एकुलता एक सरकारी प्रश्न आहे. म्हणूनच तो इतका कच्चा का राहिला, हे विचारायला हवं. एकीकडे जगभर स्मृतिभ्रंशाच्या चाळणी चाचण्यांवर, म्हणजे अनेकांतून आजाराची शंका असलेली माणसं वेगळी काढणाऱ्या तपासण्यांवर, धो धो संशोधन चाललं आहे. रक्ताच्या थेंबातून निदान, फोनवरच्या बोलण्यावरून निदान, टॅबलेटवर बोट फिरवण्याच्या वेगावरून निदान. दर आठवड्याला पेपरात एक बातमी असतेच. माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या म्हाताऱ्यांसाठी हे संशोधन चुकीच्या टोकाकडून सुरू झालं आहे. आधी शाळा न शिकलेल्या माणसाची बुद्धी मोजायची रीत बसवायला हवी. ती बसली नाही तर कितीही महागडं यंत्र आणा, ते जुनीच चूक जास्त वेगानं करेल.

जुनी चूक कोणती, ते माझ्याच घरातल्या उदाहरणानं सांगतो.

आत्याची शाळा दुसरीत सुटली. काका बी.कॉम., बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. काही वर्षांपूर्वी दोघांनाही एका रुग्णालयात तपासणीसाठी नेलं, कारण आत्या म्हणत होती, “यांचं काहीतरी बिनसलंय.” तिथल्या मुलीनं दोघांचीही स्मृतिभ्रंशासाठी सगळीकडे वापरतात ती तीस गुणांची ‘एमएमएसई’ चाचणी घेतली. आज तारीख काय, या प्रश्नावर आत्या म्हणाली, “उद्या संकष्टी, म्हणजे आज तृतीया.” शून्य गुण. शंभरातून सात सात वजा करा. ती हसली आणि म्हणाली, “आमचे हिशेब पावशेर-अर्ध्याचे गं.” पुन्हा शून्य. आकृती बघून काढायला सांगितली, तर तिनं पेन्सिल विळी धरावी तशी धरली. तिला सतरा मिळाले, काकांना अठ्ठावीस. घरी येताना काका खुशीत होते आणि आत्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी होती.

वर्षभरानं काका सदाशिव पेठेत रस्ता चुकले. चाळीस वर्षं ज्या रस्त्यानं बँकेत गेले तोच रस्ता. आत्या आजही पंचांग न बघता एकादशी सांगते.

‘उद्या संकष्टी, म्हणजे आज तृतीया’ या वाक्यात काय काय आहे बघा. काळाचं भान आहे, ताजी आठवण आहे आणि वर एक दिवसाचं उलट गणितही आहे. चाचणीला हवं ते सगळं त्यात होतं, फक्त कॅलेंडर वेगळं होतं.

ती चाचणी वाईट हेतूनं बनवलेली नाही. मार्शल फोलस्टीन, सुझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत ती तयार केली, वॉर्डातल्या रुग्णांची खाटेजवळ बसून चटकन परीक्षा घेता यावी म्हणून. ती इतकी सोयीची निघाली, की जगभर गेली. चोवीसच्या खाली गुण आले की शंका घ्यायची, असा दंडक पडला. पण १९९३ साली अमेरिकेतल्याच १८,०५६ लोकांचे गुण प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसलं ते असं: नऊ किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचा मधला गुणांक २९, आणि चार वर्षांपेक्षा जास्त न शिकलेल्यांचा २२. म्हणजे कमी शिकलेल्या गटातला अगदी मधोमध उभा असलेला माणूससुद्धा नापास. आणि हे त्यांच्याच देशात.

त्यानंतर २००५ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये झियाद नासरेद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोका’ ही तशीच दुसरी चाचणी आणली. सुरुवातीची घसरण पकडायला ती जास्त तल्लख आहे यात वाद नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ मध्ये ती दिल्यापासून तिच्यातले सिंह, गेंडा आणि उंट जगप्रसिद्ध झाले. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण झालेल्याला तिच्यात सवलत म्हणून एक गुण वाढवून मिळतो. एक! जिनं पाटी हातात धरली नाही तिला एक, आणि बारावी झालेल्यालाही तोच एक. ही उणीव त्यांनाही पुढे जाणवली आणि थायलंडमध्ये कमी शिकलेल्यांसाठी तिची वेगळी आवृत्ती तपासली गेली. पण मूळ चाचणीचं भाषांतर करून काम भागवायची सवय आपल्याकडे अजून मोडलेली नाही.

भाषांतरानं काय होतं? इंग्रजीत एक शब्द उलट्या क्रमानं स्पेल करायला सांगतात. मराठीत ‘पाऊस’ उलटा करा बघू. ‘सऊपा’ म्हणाल, की काना-मात्रा सुटा करून काही वेगळंच सांगाल? आपल्या लिपीत अक्षर हाच तुकडा आहे, त्यामुळे तो प्रश्न तो प्रश्नच उरत नाही. ‘ऋतू कोणता?’ याला तिकडे चार उत्तरं, आपल्याकडे व्यवहारात तीन आणि पुस्तकात सहा. ‘आपण कितव्या मजल्यावर आहोत?’ हे बैठ्या ग्रामीण रुग्णालयात विचारलं तर शहाण्या माणसाला वाटेल, डॉक्टरचंच डोकं फिरलंय.

शाळा न शिकलेला माणूस ‘परीक्षा’ या प्रकाराकडेच वेगळ्या नजरेनं बघतो, हे मानसशास्त्राला नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले आणि शेतकऱ्यांना कोडी घातली. अतिउत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या अतिउत्तरेला आहे. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तरं आली ती अशा धर्तीची: मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही, जो तिथे गेला असेल त्याला विचारा. यात बुद्धी कमी कुठे आहे? न पाहिलेल्या गोष्टीवर साक्ष द्यायला नकार आहे, इतकंच. आपल्याकडच्या कुठल्याही आजोबांना हे उत्तर शोभून दिसलं असतं.

तेव्हा मोजायचं कसं? रीत नाही असं नाही. ती आपल्याच देशात बसवली गेली आणि मग आपण तिला पुरेसं वाढवलं नाही, हे जास्त खटकतं. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी निरक्षर खेडुतांसाठी १९७५ ची ती अमेरिकी चाचणी उलटीपालटी करून हिंदी चाचणी तयार केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी नुसती भाषा बदलली नाही, तर प्रत्येक प्रश्न नक्की काय मोजतो ते आधी पाहिलं आणि तेच गावातल्या कोणत्या गोष्टीतून मोजता येईल ते शोधलं. घड्याळाची वेळ न विचारता सकाळ-दुपार-संध्याकाळ विचारली. लिहिण्यावाचण्याच्या जागी बोलणं आणि करून दाखवणं आलं. हे काम कंटाळवाणं असतं. त्याची बातमी होत नाही, त्यावर स्टार्टअप निघत नाही.

याच कामाच्या पोटातून आणखी एक गोष्ट आली, आणि मला ती चाचणीपेक्षाही मोलाची वाटते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली घरच्यांना विचारायची छोटी प्रश्नावली. जेवण झाल्यावर ‘मला जेवायला दिलंच नाही’ म्हणतात का? गावात रस्ता चुकतात का? सणावारात भाग घेतात का? घरातल्या लग्नकार्यात मत देतात का? सदऱ्याची बटणं चुकीची लावतात का? इथे म्हाताऱ्या माणसाला परीक्षेला बसवलेलंच नाही. तो पूर्वी जे करत होता ते आता करतो का, एवढंच विचारलं आहे. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच, त्यामुळे शाळा मधे येत नाही.

काकांच्या बाबतीत खरी चाळणी आत्यानंच केली होती. ती म्हणाली होती, “हल्ली पेपर उघडून बसतात, पण पान उलटत नाहीत.” अठ्ठावीस गुणांच्या कागदापुढे या वाक्याची नोंद कुणी घेतली नाही. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचं वाक्य ते.

इथे एक मोह आवरायला हवा. ‘आपली संस्कृती समृद्ध, आपल्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती अफाट, त्यांना ओव्या म्हणायला सांगा’ असं म्हणणारे लगेच भेटतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो ठेवा बघून छाती दडपते हे खरं. पण ओव्या, आरत्या, पाढे ही घट्ट मुरलेली आठवण आहे आणि आजार तिला सगळ्यात शेवटी हात लावतो. ‘आजीला लग्नातल्या पंगतीतलं सगळं आठवतं, तिला कसला विसराळूपणा’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि त्या वाक्यामुळे दोन-दोन वर्षं वाया जातात. प्रश्न जुनं आठवण्याचा नाही, नवं साठवण्याचा आहे. म्हणून आपल्याला चाचणी हवी ती आठवडी बाजारातून आणायच्या पाच वस्तू आत्ता सांगून दहा मिनिटांनी विचारणारी. ठिपक्यांची रांगोळी ओळखीची नको, नव्या मांडणीची, आणि ती पेन्सिलीनं नाही तर खड्यांनी किंवा बोटानं मांडायची. साहित्य गावातलं, पण आव्हान नवं. असल्या प्रश्नांवर काम करायला चार भाषातज्ज्ञ, चार मानसशास्त्रज्ञ आणि हजारभर निरोगी म्हातारी माणसं लागतात. निरोगी माणसं अशासाठी, की अमुक वयाची, अमुक शिकलेली, अमुक भागातली धडधाकट बाई किती गुण मिळवते हे ठाऊक नसेल तर आजारी कोण हे कसं ठरवणार?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं अशी एक मोठी चाचणीसंहिता सिद्ध केली, हे श्रेय द्यायला हवं. पण पहिल्या टप्प्यातल्या भाषा पाच: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही. भाषेच्या अस्मितेवर रोज गळा काढणाऱ्या राज्यात कुणाला याचं वाईट वाटल्याचं मी वाचलं नाही. बालभारतीनं २०१९ मध्ये ‘पंचवीस’चं ‘वीस पाच’ केलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आणि मराठी एक केली तरी काम संपत नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुण्याच्या प्रमाण मराठीत पाच शब्द सांगून आठवायला लावणं हीसुद्धा अर्धी परकी परीक्षाच आहे.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या पुरुषांपैकी ५९ टक्के साक्षर होते, स्त्रियांपैकी अवघ्या २८ टक्के. देशातला स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात मोठा अलीकडचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, आणि प्रमाण स्त्रियांमध्ये व खेड्यांत जास्त. आजार जिथे जास्त, तिथेच शाळा कमी. शिक्षण कमी असणं हा या आजाराचा खरोखरचा धोका आहेच. पण त्याच कमी शिक्षणामुळे चाचणीही फसते. दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते सोडवल्याशिवाय या आकड्यांतली किती बायका आजारी आणि किती फक्त शाळेत न गेलेल्या, हे सांगणं अवघड आहे. त्या अभ्यासानं घरच्यांच्या मुलाखतीही घेतल्या, म्हणून त्यावर बराच विश्वास ठेवता येतो. ओपीडीत पाच मिनिटांत होणाऱ्या तपासणीवर तेवढा ठेवता येत नाही.

आता यंत्रांकडे. रक्ततपासणीत खरोखर मोठी झेप झाली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारासाठीच्या पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली, ५५ वर्षांपुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी. ‘लक्षणं असलेल्या’ हे शब्द बातम्यांत गळून पडतात. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याची खूण ती चाचणी रक्तातल्या प्रथिनांवरून दाखवते. ते साचूनही धडपणे संसार करणारे कितीतरी म्हातारे असतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर या प्रथिनांचे आकडे बदलतात, आणि मधुमेहाच्या देशात कमजोर मूत्रपिंडांना तोटा नाही. शिवाय आपल्याकडे अनेकांच्या विस्मरणामागे रक्तदाब आणि लहान-लहान पक्षाघातांचा हात असतो, तो या चाचणीत दिसणार नाही. ज्याला नेमकं नवं औषध द्यायचं आहे त्याच्यासाठी ही चाचणी उपयोगी. गावोगावी शिबिर भरवून करायची ही गोष्ट नव्हे.

टॅबलेट आणि फोनचं म्हणाल, तर पेन्सिल न धरलेल्या हाताला काचेवर बोट सरकवणं सोपं जाईल हा भाबडेपणा आहे. आवाजावरून निदान करणारं तंत्र कुणाच्या आवाजावर शिकलं, हा प्रश्न तर विचारायलाच नको. आणि आवाजाआधी कान. आजीला पाच शब्द ऐकूच आले नाहीत तर ती आठवणार काय? ऐकू न येणं, मोतीबिंदू, ब-१२ची कमतरता, थायरॉइड, खोल बसलेली उदासी, यांतलं प्रत्येक कारण माणसाला विसरभोळं दाखवू शकतं आणि प्रत्येकावर काही ना काही उपाय आहे. कानातला मळ काढायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही.

‘मग सरसकट सगळ्यांचीच तपासणी करा ना, तोटा काय?’ असं कुणी म्हणेल. तोटा आहे. हजार म्हातारी माणसं घ्या. वरच्या अंदाजानं त्यांतली ७४ आजारी. समजा चाचणी चांगली आहे, शंभरातल्या ऐंशी आजाऱ्यांना पकडते आणि शंभरातल्या ऐंशी निरोग्यांना सोडते. तर ती ५९ आजाऱ्यांना पकडेल आणि सुमारे १८५ धडधाकट माणसांवरही शिक्का मारेल. ज्यांना ‘तुमच्यात दोष दिसतो’ असं सांगितलं त्यांतल्या चारांपैकी तिघांना काहीही झालेलं नसेल. हा निव्वळ गणिताचा खेळ आहे, पण ‘म्हातारचळ लागलाय’ हा शिक्का एकदा बसला की गणितानं पुसला जात नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हातारीच्या घरात तो शिक्का कुणाला सोयीचा ठरतो, हे मी सांगायला नको.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलानं २०२० मध्ये लक्षणं नसलेल्यांच्या अशा तपासणीला पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं. ब्रिटननंही सरसकट तपासणी स्वीकारलेली नाही. (२०१४ मध्ये तिथे डॉक्टरांना दर निदानामागे ५५ पौंड द्यायची टूम निघाली होती. ओरडा झाला, काही महिन्यांत ती गुंडाळली.) अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ४,००५ वृद्धांवर झालेल्या प्रयोगात तपासणी झालेल्यांचं आयुष्य न झालेल्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं नाही, बिघडलेलंही दिसलं नाही. मात्र शंका आलेल्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी पुढच्या तपासणीला नकार दिला. त्यांना वेड्यात काढू नका. पुढे काही हाती लागणार नसेल तर मीही नकार देईन.

माझा कल म्हणून सरसकट चाळण्याकडे नाही, जिथे घरच्यांना काही खटकलं आहे तिथे लवकर पोचण्याकडे आहे. केरळात त्रिशूर जिल्ह्यात के. एस. शाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक आरोग्यसेविकांना अगदी थोडं प्रशिक्षण देऊन विचारलं, तुमच्या भागात असं कोण आहे? त्यांनी सांगितलेल्या नावांपैकी साधारण तिघांतली दोन बरोबर निघाली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर मांडलेल्या चारात एकच्या हिशेबाशेजारी हे ठेवून बघा. कुणाच्या घरात काय चाललं आहे हे आशाताईला ठाऊक असतंच, फक्त तिच्या फॉर्ममध्ये ते विचारलेलं नाही.

घरच्यांना विचारण्यातही खाचखळगे आहेत. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी लोकांशी बोलून जे लिहिलं, ते वाचल्यावर अडचण कुठे आहे ते कळतं. लक्षणं लोक ओळखत होते, पण त्याला आजार मानत नव्हते. मुलांनी नीट बघितलं नाही, माया केली नाही, म्हणून म्हाताऱ्याची ही दशा झाली, असा त्यांचा समज होता. असा समज असलेल्या गावात ‘सासूबाई जेवण झालेलं विसरतात का?’ या प्रश्नाला सून खरं उत्तर कशी देईल? तिच्या कानांना तो आरोप वाटणार. म्हणून प्रश्नाआधी हे सांगावं लागतं, की बाई, हा आजार आहे, तुझी चूक नाही. हे एक वाक्य कोणत्या शब्दांत, कुणी, कुठे बसून सांगावं, यावरही संशोधन व्हायला हवं. तेही चाळणीचंच संशोधन आहे.

आणि सांगितल्यावर पुढे काय? त्याच गोव्यात अमित डायस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ८१ कुटुंबांबरोबर केलेला प्रयोग छापून आला. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक व्यक्तींना आठवडाभर शिकवलं, त्या घरोघरी जात राहिल्या, ऐकून घेत राहिल्या, अडचणीच्या वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवत राहिल्या. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण हलका झाला. यानं आजार थांबला नाही, थांबवण्याचा दावाही नव्हता. पण अशी एक बाई तालुक्यात असेल, तर आशाताईच्या त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यात काहीतरी अर्थ आहे.

आत्याकडे अशी कुणी येत नाही. काका अजूनही सकाळी पेपर उघडून बसतात. हल्ली मधूनमधून पान तीच उलटून देते.